माझा अनुभव : घाटात दम तोडणारी डिझेल गाडी आणि बोटभर नळी

गाडीचा टर्बो बदलायचं बासष्ट हजारांचं एस्टिमेट अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर सही केली नाही याचं समाधान आहे, आणि सहीसाठी अकरा दिवस गाडी नुसती उभी करून ठेवली याचा रागही अजून गेलेला नाही.

गाडी २०१३ची, डिझेल, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. पुण्याहून फलटणला परतताना दिवे घाटात तिचा जोरच गेला. दुसऱ्या गिअरवर रेटत वर आणली, इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. बंद करून पाच मिनिटांनी चालू केली तर सासवडपर्यंत छान पळाली, मग पुढच्या चढाला पुन्हा तेच.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०२९९. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, टर्बो गेलाय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. बॉनेट तोपर्यंत उघडलंसुद्धा नव्हतं. मी विचारलं, टर्बोची दांडी हलते का ते बघितलं का? "ती नवीन टर्बोसोबतच येते सर." पाइप बघितले का? "आधी एस्टिमेटवर सही करा, मगच गाडी आत घेता येईल." दुसऱ्या दिवशी फोन केला तर साहेब सुट्टीवर. सोमवारी गेलो तर "पार्ट पुण्याहून मागवायचाय, सही झाली की लगेच मागवतो." गुरुवारी पुन्हा तेच. माझी गाडी कुंपणाशी उभी होती, काचेवर धूळ बसली होती, आणि रोज दूध संकलन केंद्रावर मी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर कॅन नेत होतो.

त्या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनने मागितला तेवढा दाब टर्बोकडून आला नाही. कारण काहीही असू शकतं: फाटलेली नळी, बिघडलेला सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी झडप), इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) सुटलेला पाइप, खराब सेन्सर, आणि टर्बोसुद्धा. सगळ्यात महाग कारण आधी धरायचं आणि फुकटात बघता येणारं कारण बघायचंच नाही, ही पद्धत मला मान्य नाही. नवा टर्बो बसवला असता आणि नळी तीच फाटकी राहिली असती, तर बासष्ट हजार देऊनही गाडी घाटात तशीच अडली असती. अकराव्या दिवशी तपासणीचे म्हणून अठराशे रुपये भरले आणि गाडी घरी आणली.

आमच्या गोठ्यात दूध काढायचं मशीन आहे, त्यामुळे व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, ही गोष्ट मला रोजची. गेजवर तेरा ते पंधरा इंच (पाऱ्याचे) ठेवतो. काटा खाली आला की पंपाला हात लावायच्या आधी नळ्या चाचपायच्या, हे माझ्या मुलालाही माहीत आहे.

पेट्रोल गाडीत थ्रॉटलमुळे (हवेच्या वाटेवरच्या झडपेमुळे) इंजिनच हवा ओढून व्हॅक्यूम तयार करतं. डिझेलमध्ये तसा भरवसा नसतो, म्हणून वेगळा पंप असतो. माझ्या गाडीत तो कॅमशाफ्टच्या (इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाला आहे. त्यातून जाड नळी ब्रेकच्या बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) जाते आणि बारीक नळी सोलेनॉइडमार्गे टर्बोच्या ॲक्च्युएटरला, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणाऱ्या डबीला. तो दांडी ओढतो आणि टर्बोतली पाती मिटतात. व्हॅक्यूम नसेल तर पाती उघडीच राहतात, दाब तयार होत नाही.

मुलाला स्टार्टर मारायला सांगितलं आणि मी टॉर्च घेऊन दांडीकडे बघत बसलो. चालू करताच ती वर ओढली जायला हवी होती. हललीच नाही. मग जनावरांना औषध पाजायची मोठी सिरिंज थेट ॲक्च्युएटरच्या तोंडाला नळीने जोडून ओढली, नळी चिमटून धरली आणि पुन्हा ओढली. दांडी वर गेली आणि तशीच थांबली. म्हणजे ॲक्च्युएटर हवा धरत होता. त्या क्षणी एवढं हलकं वाटलं!

मग गोठ्यातलं गेज आणलं. पंपापाशी सव्वीस इंच. (आमच्या उंचीवर अठ्ठावीसच्या पुढे काटा जाणारच नाही, तीसची वाट बघू नका.) सोलेनॉइडपाशी अकरा. चोरी मधेच होती. बारीक नळी बॅटरीच्या मागे एका पट्टीवर घासत होती. सरळ असताना काही दिसत नव्हतं, बोटाने वाकवली तशी चीर उघडली. ती बदलली तर एकोणीस. दुसरी चीर सोलेनॉइडजवळच्या रबरी कोपऱ्यात निघाली, तेलाने तो फुगून मऊ झाला होता. दोन्ही बदलल्यावर दोन्हीकडे सव्वीस.

साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधू नका. इथे हवा बाहेर येत नाही, आत जाते. गरम इंजिनवर पेट घेणारा स्प्रे तर मुळीच मारू नका.

नळी पुण्याच्या नाना पेठेतून आणली. आतून चार मिलिमीटर, जाड भिंतीची, कापडी वेष्टण असलेली. पातळ नळी ओढीने चपटी होते. दूध मशीनची नळी घरात पडून होती, ती लावायचा मोह झाला, पण टर्बोजवळच्या उष्णतेला ती टिकली नसती. अडीच मीटरचे चारशे रुपये गेले. हो, काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच नळी बदला. सोलेनॉइडला तीन तोंडं असतात, अदलाबदल झाली तर सगळं पुन्हा. त्यातलं एक उघडं असतं, ते बंद करायचं नाही.

कोड पुसला आणि त्याच आठवड्यात पुण्याला जाऊन आलो. परतताना दिवे घाट तिसऱ्या गिअरवर, मागे पशुखाद्याची चार पोती.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. ब्रेकलाही हाच पंप लागतो. इंजिन बंद केल्यावर पेडल दाबून बघा. पहिल्या दोन-तीन वेळा ते मऊ लागलं पाहिजे. पहिल्यांदाच दगडासारखं लागलं तर गाडी रस्त्यावर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.