पुणे ते महाबळेश्वर, खंबाटकीत तापलेली गाडी आणि काजव्यासारखा बल्ब

रविवारी सकाळी साडेसहाला स्वारगेटहून निघालो, गाडी जुनी डिझेल, मागे आईबाबा. खेड शिवापूरपर्यंत इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर. खंबाटकीत ट्रकांमागे फर्स्टला रांगायला लागलो आणि एसी आधी कोमट, मग चक्क गरम आणि काटा वर वर. एसी बंद करून हीटर फुल लावला, आई म्हणे डोकं फिरलंय का तुझं, पण इंजिनची उष्णता त्याने थोडी कमी होते. घाट संपला, सुरूर फाट्यापर्यंत ८० ने गेलो तर समोरच्या वाऱ्याने काटा आपोआप जागेवर!

वेगात थंड आणि रांगताना गरम म्हणजे आधी फॅन बघायचा. मी मात्र याच तक्रारीसाठी महिन्यापूर्वी पुण्यात एका गॅरेजला थर्मोस्टॅट आणि रेडिएटर फ्लशिंगचे पैसे मोजून बसलेलो.

वाईत एक मेकॅनिककाका भेटले. माझ्या गाडीत मॅग्नेटिक फॅन क्लच आहे, करंट आला की कॉइल प्लेट ओढते आणि फॅन जोरात फिरतो, नाहीतर नुसता डुलत बसतो. फ्यूज ठीक, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच) टिकटिक करतोय. मी ऐटीत क्लचच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट, म्हटलं कॉइलच गेली. काकांनी मीटर बाजूला ठेवून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला तर काजव्यासारखा मिणमिणला. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही ना, वायरची एक तार शिल्लक असली तरी १२ दाखवतो, बल्बने लोड टाकला की पितळ उघडं. वायर चाचपत गेलो तर रेडिएटरजवळच्या क्लिपखाली घासून हिरवी पडलेली. कापून जोडली, फॅन गरजला, पसरणी घाट एसी लावून चढलो.

घाटात जाणाऱ्यांनी तो बल्ब, दोन वायरी आणि एक जादा रिले डिकीत टाकाच. इंजिन बंद केल्याशिवाय फॅनजवळ हात नको आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. अगदीच अडलात तर क्लचला बॅटरीवरून फ्यूज लावून थेट करंट देता येतो, फक्त गाडी उभी केली की ती वायर काढा नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली. हा जुगाड दोन वायरींच्या मॅग्नेटिक क्लचलाच हं, ईसीएमवर (इंजिनच्या कॉम्प्युटरवर) चालणाऱ्या, जास्त पिनांच्या व्हिस्कस (आतल्या घट्ट तेलाने फॅन फिरवणाऱ्या) क्लचला बिलकुल नको.

बल्ब लख्ख पेटूनही फॅन ओढत नसेल तर कनेक्टर काढून कॉइलचे ओहम बघा, थोडेफार दाखवायला हवेत, सर्किट ओपन आलं तर कॉइल गेली. मग पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात जाताना जुना क्लच पिशवीत घालूनच जा, भोकांची जागा जुळली नाही तर दुसरी चक्कर ठरलेली.