दारामागच्या सतरा पिशव्या

"दर खेपेला नवी पिशवी! दुकान काढलंय का ताई?"

दादर स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी आत टाकता टाकता विचारलं. मी नुसतीच हसले.

घरी येऊन दारामागच्या खुंटीवरच्या कापडी पिशव्या मोजल्या. सतरा! लग्नातल्या, साडीच्या दुकानातल्या, कुठल्याशा सेमिनारमधल्या. एकीवर 'पृथ्वी वाचवा' छापलंय, तिची अजून घडीही मोडलेली नाही.

आपल्याकडे प्लास्टिकबंदी आली २०१८ मध्ये. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांचा हिशेब मांडला. नुसता हवामानावरचा परिणाम धरला तरी साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी ५२ वेळा वापरावी लागते. सगळेच परिणाम धरले तर ७१०० वेळा! (उघड्यावर पडणारं, गटारं तुंबवणारं प्लास्टिक त्यात धरलेलं नाही. २६ जुलै पाहिलेल्या मुंबईकराला ते वेगळं सांगायला नको.)

खुंटीवर सगळ्यात खाली बाबांच्या जुन्या पँटची, आईने शिवलेली पिशवी सापडली. बंद दोनदा बदललेत, रंग पार उडालाय.

उद्या तीच नेणार. मावशी काय म्हणतात बघू.

तुमच्या दारामागे किती निघतात?