हॉलमधली टाकी

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला बुलेटची पेट्रोलची टाकी ठेवलेली आहे. नवा पाहुणा आधी टीव्हीकडे बघतो, मग टाकीकडे, मग माझ्याकडे. गाडी खाली आहे, चालू आहे, काळाचौकीहून रोज मला ऑफिसला नेऊन आणते. तिच्यावर टाकीही आहे, पण दुसरी.

झालं ते असं. माझी बुलेट १९९४ची. बिडाचं इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ती सुरू करणं म्हणजे सोवळ्यातलं काम. किक हळूच दाबत न्यायची, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की हँडलवरचा डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा, खटका ओढून आणखी जराशी दाबायची, खटका सोडायचा आणि मग अंगातलं सगळं वजन पायात. चुकलं तर किक उलटी बसते आणि नडगी आठवडाभर निळी राहते. तर या गाडीची टाकी गंजत आली होती. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला एक मित्र म्हणाला, “दे माझ्याकडे. तुझ्यासाठी काहीतरी वेगळं करतो.”

त्याने टाकीवर शिवडीच्या किनाऱ्याचा चिखल रंगवला. पहाटेचा राखाडी, मागे रिफायनरीच्या चिमण्या पुसटशा आणि पुढे रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा. त्यातल्या एकाने मान वळवून आपल्याकडे बघितलंय. त्याचा डोळा मोहरीएवढा, पिवळा, आत काळा ठिपका आणि त्या ठिपक्यातही पांढरा कण. आणि हा डोळा नेमका कुठे? टाकीच्या डाव्या बाजूला, जिथे गुडघा टेकतो तिथे.

पहिला महिना मी गुडघे फाकवून गाडी चालवली. नवरदेव घोड्यावर बसतो तसा. मग पंपावरचा पोरगा नोझल काढताना दोन थेंब सांडायचा तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडायला लागला. रेनकोटची चेन, बेल्टचं बक्कल, पार्किंगवरची कबुतरं, सगळी दुनिया त्या डोळ्याच्या वाईटावर होती. जूनमध्ये गाडीवर कव्हर टाकलं, त्यावर दुसरं. रविवारी खाली जाऊन कव्हर उचलून बघायचो आणि वर यायचो. तेव्हा याला मी आवड म्हणत होतो.

दसऱ्याच्या आधी किक मारली. काही नाही. मेस्त्रींनी कार्बोरेटर उघडला तर जेटमध्ये चिकट राप. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेला पाण्याची काय कमी? टायर एका जागी बसलेला. क्रोमवर पुरळ. “भाऊ, चालवायची नव्हती तर भिंतीला फोटो लावायचा ना,” मेस्त्री म्हणाले. बिल वेगळं.

त्याच सुमारास बीकेसीत एका प्रदर्शनाला गेलो होतो. मध्यभागी फिरत्या चौथऱ्यावर हाताने बनवलेली चॉपर मोटारसायकल. पुढचा काटा लांबलचक, पत्रा ठोकून घडवलेली टाकी, वेल्डिंगचे टाके इतके एकसारखे की नाण्यांची चळत आडवी पडलीय असं वाटावं. काम अस्सल, त्यात वाद नाही. मी सवयीने वाकून खाली बघितलं. ऑइलचा एक थेंब नाही. जुन्या बुलेटखाली पुठ्ठा टाकायची सवय असलेल्या माणसाला हे जरा संशयास्पदच वाटतं. नंबरप्लेटही नव्हती, म्हणजे रस्त्यावर न्यायचीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. जुन्या गाड्यांचंही तसंच. पन्नास वर्षांपुढची गाडी २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवली तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, पण रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे म्हातारपणी देवदर्शनाला आणि डॉक्टरकडे तेवढं जायचं.

न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने १९९८ साली शंभराहून अधिक मोटारसायकली मांडल्या होत्या. फ्रँक गेरी या वास्तुकाराने तिथला गोल गोल चढत जाणारा रॅम्प चकचकीत पोलादाने मढवला. फोटो बघून मला एकच वाटलं, इतका सुरेख चढ आणि एकाही गाडीला गिअर टाकायची सोय नाही!

आमच्याकडे मात्र उलटा प्रकार झालाय. आमच्या घरापासून दारूखाना, म्हणजे जुनी जहाजं तोडतात तो भाग, जवळ. १९७१च्या युद्धात लढलेली विमानवाहू नौका विक्रांत निवृत्त झाल्यावर मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२मध्ये ते बंद झालं, २०१४मध्ये नौका भंगारात निघाली आणि इथेच दारूखान्यात तुटली. तिचं काही पोलाद बजाजने घेतलं आणि २०१६ साली ‘व्ही’ नावाची मोटारसायकल काढली. त्या पोलादाचा अंश कुठे घातला? टाकीवर! परवा लालबागच्या सिग्नलला एक ‘व्ही’ माझ्या शेजारी उभी होती. टाकीवर दुधाची पिशवी ठेवलेली, आणि चालवणाऱ्याचा गुडघा खुशाल टेकलेला.

आणि खरं सांगायचं तर गाडी चालवताना आपल्याला स्वतःची टाकी दिसतच नाही. दिसतं ते बेस्टच्या बसचं ढुंगण.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी काळी टाकी मिळाली. उजवीकडे पोचा, सोनेरी रेघ अर्धी उडालेली, अठराशे रुपये. मेस्त्रींनी अर्ध्या तासात बदलली. रोहितांची टाकी रिकामी करून, धुऊन वर आणली तरी दोन दिवस घरात वास होता. आई म्हणाली, “पंप उघडलास काय रे?” बायकोने तिच्याखाली क्रोशाचा रुमाल घातला आणि पुढे काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

दसऱ्याला खाली गाडीची पूजा केली. हँडलला झेंडूचा हार, टायरखाली लिंबू, पोचा आलेल्या टाकीवर कुंकवाचं ठसठशीत बोट. वर आलो तर आई तबक घेऊन टीव्हीजवळ उभी.

“हिलाही लावते,” आई म्हणाली.

“आई, कुंकू नको. रंगाला डाग पडेल.”

आईने बोट मागे घेतलं. मग तबकातला एक झेंडू उचलून पेट्रोलच्या झाकणावर ठेवला. बरोबर तेवढाच होता.