1530 गुणांचं पुढे काय झालं

गेल्या वर्षभरात ओळखीच्या मराठी घरांतून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: "एसएटीला किती पडले की चांगलं कॉलेज मिळतं?" एसएटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची 1600 गुणांची परीक्षा. विचारणाऱ्यांत इथले न्यू जर्सीचे शेजारी आहेत, टेक्सासमधल्या माझ्या जाऊबाई आहेत आणि नाशिकहून फोन करणारा भाऊही आहे. सगळ्यांना एक आकडा हवा असतो. आमच्या लेकीने 2024 च्या ऑक्टोबरपासून अर्ज भरले आणि 2025 च्या मार्चअखेर सगळे निकाल हाती आले. आता मी एवढं नक्की सांगू शकते: आकडा आधी विचारू नका. कॉलेज कुठलं आणि त्या आकड्याकडून तुम्हाला काय हवंय, प्रवेश की पैसे, हे आधी ठरवा.

मी 1996 साली बारावी झाले. पीसीएम ग्रुपचे तीनशेपैकी मार्क, त्यावर मेरिट लिस्ट, लिस्टप्रमाणे सीट. 285 वाला 284 वाल्याच्या पुढे, विषय संपला. त्या पद्धतीत निर्दयपणा होता, पण का मिळालं आणि का नाही हे निदान भिंतीवर लावलेलं असायचं. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कॉलेजांत अशी यादीच नसते. प्रत्येक मुलाची एक फाइल असते आणि ती माणसं वाचतात. चार वर्षांचे शाळेचे ग्रेड, शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी किती अवघड विषय घेतले, काउन्सेलरचं आणि शिक्षकांचं पत्र, कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) 650 शब्दांचा निबंध, जास्तीत जास्त दहा उपक्रम (प्रत्येकाचं वर्णन 150 अक्षरांत), आणि ह्या सगळ्यात एक ओळ एसएटीची किंवा तशाच दुसऱ्या परीक्षेची, एसीटीची.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. 2024 पासून अमेरिकेत एसएटी पूर्ण डिजिटल झाली आहे. 2 तास 14 मिनिटांत 98 प्रश्न, वाचन-लेखनाला 800 आणि गणिताला 800. दोन्ही विषयांचे दोन-दोन भाग असतात आणि पहिला भाग कसा गेला त्यावर त्याच विषयाच्या दुसऱ्या भागातले प्रश्न सोपे की कठीण हे ठरतं, म्हणून सुरुवातीच्या प्रश्नांत घाई करू नये. सराव परीक्षा ब्लूबुक ॲपवर फुकट आहेत, खान ॲकॅडमीवरचं साहित्यही फुकट आहे. महागडे क्लास लावावेत की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. आम्ही लावले नाहीत.

लेकीला 1530 पडले: गणितात 790, वाचन-लेखनात 740. भावाचा लगेच फोन, "म्हणजे हार्वर्ड पक्कं ना?"

त्याला मी हार्वर्डविरुद्धच्या खटल्यातले आकडे सांगितले. प्रवेशात वंशाचा विचार करावा की नाही यावरचा हा खटला 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. पण त्याआधी खालच्या कोर्टात हार्वर्डच्या आतली बरीच माहिती उघड झाली होती. त्यातल्या एका वर्षात अमेरिकेतून सुमारे 26,000 अर्ज होते. गणितात 800 पैकी 800 मिळवलेले सुमारे साडेतीन हजार, भाषेत पैकीच्या पैकी असलेले सुमारे 2,700, आणि शाळेचे ग्रेड पूर्णपैकी पूर्ण असलेले 8,000 हून जास्त. जागा मात्र सुमारे 1,600, आणि त्या परदेशी मुलांना धरून! म्हणजे नुसते गणितात 800 वाले निवडायचे म्हटलं तरी निम्म्याहून अधिक बाहेर राहतात. भाऊ जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, मग ते बघतात तरी काय?" हा प्रश्न खरा.

ते काय बघतात हे बऱ्याच अंशी छापलेलं असतं, आणि ही गोष्ट मला सगळ्या पालकांना हात धरून दाखवावीशी वाटते. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा अहवाल आपल्या साइटवर टाकतात. त्यातला सी-7 हा तक्ता सांगतो की ग्रेड, विषयांची काठिण्यपातळी, परीक्षेचे गुण, निबंध, शिफारसपत्र, आईवडील तिथेच शिकलेले असणं, यांतल्या कशाला ते 'अतिमहत्त्वाचं' मानतात, कशाचा नुसता 'विचार करतात' आणि कशाकडे बघतही नाहीत. सी-9 मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांचे गुण असतात: तळाचे पंचवीस टक्के कुठे संपतात, वरचे पंचवीस टक्के कुठे सुरू होतात. एमआयटीच्या तक्त्यात गणिताची ती खालची रेघच 780 च्या आसपास असते आणि वरची थेट 800. तिथे आमच्या लेकीचे 790 म्हणजे चारचौघांसारखे. वाईट नाहीत, पण त्यामुळे कुणी थांबून दुसऱ्यांदा वाचणार नाही.

आणि सी-9 मध्येच आणखी एक रकाना आहे, ज्याकडे लोक बघत नाहीत: किती टक्के मुलांनी गुण कळवले. गुण पाठवणं ऐच्छिक असलेल्या कॉलेजात कमी गुणवाले ते पाठवतच नाहीत, म्हणून छापलेली कक्षा वर सरकलेली दिसते. निम्म्याच मुलांनी गुण दिले असतील तर छापलेला, समजा 1510 ते 1560 चा, आकडा संपूर्ण वर्गाचा नाही, फक्त पाठवणाऱ्यांचा आहे. हे न कळल्यामुळे 1460 वाली चांगली मुलं अर्जच करत नाहीत. मला ह्याचं फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट शाळेची. अर्जासोबत शाळेचं 'स्कूल प्रोफाइल' जातं: वर्गात मुलं किती, किती एपी विषय (शाळेतच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) शिकवले जातात, सरासरी एसएटी किती. वाचणारा तुमचा स्कोअर त्या कागदाशेजारी ठेवून वाचतो. आमच्या भागातल्या शाळेत पंधराशेच्या वरची मुलं भरपूर. पीएसएटी ह्या एसएटीच्या पूर्वपरीक्षेवरून ठरणाऱ्या नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीचा कट-ऑफ प्रत्येक राज्याला वेगळा असतो आणि न्यू जर्सीचा देशात सगळ्यांत वरच्यांपैकी असतो, त्यावरून अंदाज यावा. हेच 1530 एखाद्या लहान गावातल्या, सरासरी हजारावर असलेल्या शाळेतून आले असते तर त्या फाइलवर वाचणाऱ्याची नजर नक्की थांबली असती. हा मला अन्याय वाटत नाही. ज्या मुलीला घरी अभ्यासाचं टेबल आहे, वडील गणित समजावून सांगतात, परीक्षाकेंद्रावर आई गाडीने सोडते, तिच्या गुणांत ते सगळं मिसळलेलं असतंच.

मग घरात वाद झाला: परत परीक्षा द्यायची का? नवऱ्याचं म्हणणं, आणखी तीस-चाळीस गुण सहज येतील, मग का सोडायचे? त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, कारण अनेक कॉलेजं वेगवेगळ्या परीक्षांतले त्या-त्या भागाचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, सुपरस्कोअर म्हणतात त्याला. पण ते गुण काही हवेतून येत नाहीत, उन्हाळा जातो. लेक तेव्हा आमच्या टाउनशिपच्या स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स पथकात कॅडेट होती. रात्रीच्या ड्यूटीला जायची, स्ट्रेचर धरायची, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलायची. एका आजींना इंग्रजी कळेना तेव्हा तिने हिंदीतून त्यांना धीर दिला, आणि पथकासाठी गुजराती, हिंदी, तेलुगूतल्या नेहमीच्या प्रश्नांची कार्डं करायला घेतली. ती कार्डं पुरी करायची की 740 चे 770 करायचे? ती म्हणाली, "आई, कार्डं." मी तिच्या बाजूने उभी राहिले. आजही मला वाटतं की 1500 पार झाल्यावर उन्हाळा परीक्षेत घालवू नये. 1350 असते तर मी उलट सांगितलं असतं, कारण 1350 चे 1450 होण्याने पुष्कळ दारं उघडतात.

नियमांचा नकाशा मात्र डोकं फिरवणारा होता. कोविडमध्ये 2020 साली जवळपास सगळ्यांनी गुण ऐच्छिक केले. एमआयटीने मार्च 2022 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. 2024 मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक पाठोपाठ परतले. येलला तेव्हा एसएटीऐवजी एपी किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम) परीक्षांचे गुणही चालत होते. पर्ड्यू आणि जॉर्जिया टेकलाही गुण हवेच होते. आणि याच्या अगदी उलट कॅलिफोर्निया विद्यापीठ: तिथल्या कुठल्याही कॅम्पसला प्रवेश ठरवताना गुण बघायचेच नाहीत असा नियम आहे. माझ्या मावसबहिणीचा मुलगा तिकडेच आहे. त्याचे 1580. त्यातल्या बर्कली कॅम्पससाठी ते असून नसल्यासारखे.

डार्टमथने परत फिरताना कारण दिलं ते मला महत्त्वाचं वाटलं. त्यांच्याच प्राध्यापकांनी तपासलं तेव्हा दिसलं की गरीब घरांतली, साध्या शाळांतली काही मुलं चौदाशेच्या आसपासचे गुण लपवत होती, जे पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता. परीक्षा नसली की श्रीमंतांची मुलं हरतात असं नाही. त्यांच्याकडे निबंध तपासून देणारे सल्लागार असतात, उन्हाळ्यातली महागडी शिबिरं असतात. 2023 मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एसएटीचे गुण सारखेच असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलं आयव्ही (हार्वर्ड, येल वगैरे आठ जुनी खासगी विद्यापीठं) आणि तशाच निवडक खासगी कॉलेजांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. त्याची मुख्य कारणं आईवडील तिथेच शिकलेले असणं, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेले गुण. म्हणून मी परीक्षेच्या बाजूची आहे. तिचे दोष मला ठाऊक आहेत, तरीही. निदान तिथे आडनाव आणि ओळख चालत नाही.

आता निकाल. डिसेंबरात अर्लीचं, म्हणजे मुदतीच्या बरंच आधी भरलेल्या अर्जाचं, उत्तर आलं: डिफर, म्हणजे नकार नाही आणि होकारही नाही. मार्चअखेरच्या त्या आठवड्यात मोठ्या नावांचे नकार आले, एका ठिकाणी वेटलिस्ट. लेक दोन दिवस फारशी बोलली नाही. तिच्याच वर्गातल्या 1490 वाल्या एका मुलीला त्यांतल्याच एका कॉलेजने घेतलं. त्या मुलीचं संशोधनाचं काम खरोखर चांगलं होतं आणि लेकीनेच मला ते मोकळ्या मनाने सांगितलं.

पण त्याआधीच, जानेवारी-फेब्रुवारीत, दोन सरकारी विद्यापीठांचे होकार आलेले होते, इंजिनिअरिंगला, ऑनर्स कॉलेजसह (हुशार मुलांसाठीचा विद्यापीठातलाच खास विभाग), आणि शिष्यवृत्तीसह. हे 1530 तिथे कामाला आले. आपल्या लोकांच्या गप्पांत हा भाग येतच नाही. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं गुणांवर शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त घरच्या उत्पन्नावरून मदत देतात. आमच्यासारख्या दोघंही नोकरी करणाऱ्या घराला ती मदत नगण्य, आणि अशा खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च 85,000 डॉलरच्या पुढे गेलेला. याउलट अनेक सरकारी विद्यापीठं आणि मधल्या फळीतली खासगी कॉलेजं चांगल्या गुणांच्या मुलांना ओढून घ्यायला पैसे मोजतात. अलाबामा विद्यापीठ तर बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी ग्रेड आणि स्कोअरचा सरळ तक्ताच छापतं: एवढे गुण, एवढी रक्कम. तो तक्ता पाहून मला बारावीची मेरिट लिस्ट आठवली. म्हणजे जिथे स्कोअरची सर्वांत जास्त चर्चा होते तिथे त्याचा उपयोग फाइल वाचली जाण्यापुरता, आणि ज्या कॉलेजांची नावं आपण लग्नसमारंभात घेत नाही तिथे त्याच स्कोअरचे चार वर्षांत घराच्या कर्जाइतके पैसे वाचतात. लेकीने त्या दोनांपैकी एक निवडलं. शिष्यवृत्तीच्या पत्रात वर्षाला किती जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, टिकवावा लागेल ही अट असते, तेवढी मात्र आम्ही सही करण्याआधी नीट वाचली.

2025-26 च्या अर्जांसाठी नियम पुन्हा बदलले. कॉर्नेल, स्टॅनफर्ड आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ आता गुण मागतात, प्रिन्स्टन 2027-28 च्या अर्जांपासून मागणार आहे, आणि आयव्हींत तेव्हा ऐच्छिक राहिलं होतं ते कोलंबिया. शेजारच्या मुलाचे 1440 आहेत आणि त्याची आई मला रोज विचारते की पाठवायचे की नाही. परवा आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलो आणि त्याच्या यादीतल्या एकेका कॉलेजचा सी-9 उघडला. जिथे 1440 मधल्या पट्ट्यात बसतात किंवा शिष्यवृत्तीच्या तक्त्यात येतात तिथे पाठवायचे, जिथे ते खालच्या रेघेच्या बरेच खाली आहेत आणि सक्ती नाही तिथे नाही. मध्ये लोंबकळणारी दोन कॉलेजं उरली. त्यांच्याबद्दल ती सोमवारी शाळेच्या काउन्सेलरला विचारणार आहे, कारण त्या शाळेतून आधी कोण किती गुणांवर तिथे गेलं हे त्यांच्याच नोंदींत असतं.