होनोलुलूच्या ताटात भेटलेलं अळू

होनोलुलूत लाउलाउची, म्हणजे अळूच्या पानांत बांधून वाफवलेल्या मांसाची, पुडी उलगडल्यावर आतलं काळपट हिरवं पान आईनं बोटानं तोडून तोंडात टाकलं आणि विचारलं, "अगं, यात चिंच कुठंय?" चिंच नव्हतीच. तरी घसा जराही खाजला नाही. अळू तासन् तास वाफवलं की चिंचेवाचूनही खाज मरते, हे कोकणात जन्म गेलेल्या आईलाही तिथंच कळलं.

हवाईला निघालात तर एक फरक आधी समजून घ्या. तिथं 'हवाईयन' जेवण वेगळं आणि 'लोकल' वेगळं. हवाईयन म्हणजे तिथल्या मूळ लोकांचं: कालो म्हणजे अळू, मासे, नारळ, रताळं, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर. उसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या जपानी, चिनी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजुरांच्या जेवणातून पुढं जे घडलं ते लोकल: दोन डाव भात आणि मॅकरोनी सॅलडचं प्लेट लंच, सायमिन म्हणजे शेवयांचं सूप, स्पॅम मुसुबी म्हणजे भातावर डबाबंद डुकराच्या मांसाचा काप ठेवून समुद्री शेवाळात गुंडाळलेली वडी. लोकलही जरूर खा. पण दिवस थोडे असतील तर आधी हवाईयन, कारण ते दुसरीकडं सहजी मिळत नाही.

पर्यटकांसाठीच्या एका मोठ्या लूआउ मेजवानीत आम्ही पहिल्यांदा पोई, म्हणजे अळूच्या कंदाची लापशी, चाखला. चिमुकल्या वाटीत, पाण्यासारखा पातळ. तेवढ्यावरच मत बनवलं असतं तर मोठी चूक झाली असती. दोन दिवसांनी कालिही भागातल्या 'हेलेनाज हवाईयन फूड'मध्ये गेलो. हे छोटंसं हॉटेल १९४६ पासून चालू आहे, २००० साली त्याला जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला हॉटेलांसाठीचा मानाचा पुरस्कारही मिळालाय. ते रोज उघडं नसतं, म्हणून वार आणि वेळ बघूनच निघा.

पोई म्हणजे शिजवलेला अळूचा कंद पाणी घालत कुटून केलेली जांभळट, गुळगुळीत लापशी. नुसता खाऊ नका. एक बोट पोई, लगेच लोमी सॅमनचा, म्हणजे टोमॅटो-कांदा घातलेल्या खारवलेल्या सॅमन माशाचा, घास, मग परत पोई. आपण आमटीबरोबर भात खातो तसं त्याचं नातं आहे. घट्टपणा बोटांत मोजतात: एका बोटानं उचलता आला तर घट्ट, तीन लागली तर पातळ. मूळ हवाईयन लोक कालोला माणसाचा थोरला भाऊ मानतात. म्हणून पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही, अशी जुनी रीत आहे.

लाउलाउत डुकराचं मांस आणि मासा अळूच्या पानांत बांधलेला असतो. बाहेरचं 'टी' नावाच्या झाडाचं पान खायचं नाही, काढून टाकायचं. आईला सगळ्यांत आवडलं ते स्क्विड लूआउ: नारळाच्या दुधात विरघळलेली अळूची पानं आणि मऊ माकूल. ती म्हणाली, "फदफद्याची सख्खी बहीण."

गोमांस खात नसाल तर पिपिकाउला आणि लोको मोको टाळा. शाकाहाऱ्यांनी पानांच्या पदार्थांवर भिस्त ठेवू नये, त्यात मांस किंवा माकूल असतंच. पोई, रताळं, उलू म्हणजे आपला नीरफणस, आणि दोन्ही गोड पदार्थ मात्र खुशाल खा. हाउपिआ म्हणजे नारळाच्या दुधाची थिजवलेली पांढरी वडी. कुलोलो म्हणजे किसलेलं अळकुडं, नारळाचं दूध आणि साखर घालून तासन् तास शिजवलेला चिवट गोळा, गोव्याच्या दोदोलच्या अगदी जवळचा. होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूच्या पूर्व किनाऱ्यावरच्या 'वाइआहोले पोई फॅक्टरी'त तो गरम, वर हाउपिआ आइस्क्रीम घालून देतात. गाडी असेल तर त्यासाठी मुद्दाम जा.

पोके, म्हणजे कच्च्या माशाचे तुकडे, सुपरमार्केटच्या काउंटरवर वजनावर आणि ताजं मिळतं. लिमू हे समुद्री शेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुईच्या बियांचा इनामोना घातलेलं मागा, मेयोनेझवालं नको.

पोईची पिशवीही तिथंच घ्या. मुक्काम दोन-तीन दिवसांचा असेल तर वाडग्यात काढून वर थोडं पाणी ओता, म्हणजे साय धरत नाही. ताजा पोई गोडसर असतो, मग रोज थोडा आंबतो. आईनं तिसऱ्या दिवशीचा आंबटसर पोई भाजलेल्या माशाबरोबर खाल्ला आणि वाडगा बोटानं पुसून घेतला.