आमची वाटचाल: पॅनलच्या दरवाज्यांपासून गाडीच्या चाकांपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा पावडर कोटिंगचा गाळा छोटाच आहे, एक बूथ, एक ओव्हन, ब्लास्टिंगचं (दाबाच्या हवेने बारीक कण मारून धातू खरवडायचं) कॅबिनेट आणि आम्ही चार जण, त्यात मी, माझा धाकटा भाऊ आणि दोन पोरं. हिशोब आणि चलन बायको बघते. सुरुवात जॉबवर्कने केली, इलेक्ट्रिकल पॅनलचे दरवाजे, ब्रॅकेट, खिडक्यांच्या ग्रिल, जे येईल ते घ्यायचं आणि पावडर मारून द्यायचं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर विजेचा भार देऊन गनने चिकटवायची आणि ओव्हनमध्ये वितळवून पिकवायची. सातपूर-अंबडला मोठे कारखाने असल्यामुळे असं काम मिळायचं, पण रेट पार्टीच ठरवणार आणि पेमेंट दोन-दोन महिने लटकणार.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि पॅनलचं काम बंदच पडलं. नंतर शटर उघडलं तरी माल येईना, ओव्हन रिकामा, हप्ता मात्र चालू. अशात एक दिवस शेजारच्या गाळ्यातले काका स्वतःच्या गाडीची चार अलॉय चाकं घेऊन आले, कंपनीचीच, सिल्व्हर, कडा फुटपाथला घासून खराब झालेल्या. म्हणाले, "नवीन घ्यायला आत्ता पैसे नाहीत रे, गनमेटल करून दे, तुझ्याकडे ओव्हन आहेच की."

मला वाटलं, पत्र्याला मारतो तसं मारायचं, त्यात काय. पॉलिश पेपरने घासलं, गन मारली, ओव्हनमध्ये टाकलं. बाहेर काढलं तर अख्ख्या चाकावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक बारीक छिद्रं. दुसऱ्यांदा केलं, परत तेच. काका काही बोलले नाहीत पण मला रात्री झोप लागली नाही.

कारण समजायला वेळ लागला. अलॉय म्हणजे बहुतेक ओतलेलं अ‍ॅल्युमिनियम, त्याच्या पोटात बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा, ओल, तेल अडकलेलं असतं. ओव्हनमध्ये पावडर वितळते तेव्हाच आतली हवा तापून बाहेर यायला बघते आणि वितळलेल्या थरातून फुगे फुटतात. साध्या पत्र्यात हा त्रास सहसा नसतो. म्हणून आता जुना रंग केमिकलने सोडवतो, ब्लास्टिंग करतो आणि मग पावडर मारायच्या आधी कोरंच चाक ओव्हनमध्ये तापवून त्याचा सगळा वाफारा काढून घेतो. काकांचा सेट तिसऱ्यांदा असाच केला, पैसे घेतले नाहीत. तो अजून त्यांच्या गाडीवर आहे.

ओव्हनच्या तापमानाबाबत आम्ही फार कडक आहोत. आमची पॉलिस्टर पावडर साधारण १८० ते २०० अंशात पिकते, पण घड्याळ चालू करायचं ते चाकाचं धातू त्या तापमानाला पोचल्यावर, ओव्हनच्या हवेचा आकडा बघून नाही. चाक जाड, जड, तापायला वेळ घेतं, घाई केली तर पावडर कच्ची राहते आणि पहिल्या दगडाला टवका उडतो. आणि जास्त तापवणं त्याहून वाईट, कारण बऱ्याच अलॉयला मजबुती येते तीच कारखान्यातल्या उष्णतेच्या प्रक्रियेने, तुम्ही परत भलतंच तापवलंत तर ती मजबुती कमी होते. जुना रंग भट्टीत जाळून काढा, स्वस्त पडेल असं सांगणारे भेटतात. ग्रिलला चालेल, ज्या चाकावर घरची माणसं बसून कसारा घाट उतरणार त्याला मी ते करणार नाही.

रंगापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रंग कुठे लावायचा नाही. एक ताई दुसरीकडून कोटिंग केलेला सेट घेऊन आल्या, मुंबईहून येताना स्टिअरिंग थरथरत होतं. आम्ही पाना लावला तर दोन नट जवळजवळ हाताने फिरले. नट काढून बघितलं, तर नट जिथे बसतो त्या उतरत्या कडेवर काळ्या पावडरचा जाड थर होता, दाबून चेपलेला, एका बाजूने फाटून त्याची कात निघालेली. थर चेपला की नट ढिला होणारच. चाकाच्या मधल्या भोकातही, जिथे गाडीचा हब बसतो, रंग होता, त्यामुळे चाक नीट मधोमध बसतच नव्हतं. आपला थर ६० ते ८० मायक्रॉनचा, डोळ्याला काहीच वाटत नाही, पण तिथे तेवढाही नको. म्हणून नटाच्या जागेला सिलिकॉनचा प्लग, मधल्या भोकाला आणि चाक हबला टेकतं त्या मागच्या बाजूला उष्णता सोसणारी टेप, आणि ओव्हनमध्ये टाकायच्या आधी माझी स्वतःची बॅटरी मारून तपासणी, हे चुकत नाही.

गन भाऊ मारतो, त्याच्यासारखा हात माझा नाही. आरा आणि रिमच्या मधल्या कोपऱ्यात पावडर सहज जात नाही, विजेच्या ओढीने ती कडांवरच जमते, तो तिथे व्होल्टेज कमी करतो आणि गन तिरकी धरून हळू हळू भरतो. हूकवर जुनी पावडर साचली की अर्थिंग तुटतं म्हणून हूक दर वेळी साफ.

आपल्याकडचा पाऊस म्हणजे जुलै-ऑगस्टला वेगळीच परीक्षा. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते हवेबरोबर गनमध्ये आलं की पावडर थुंकल्यासारखी गोळे होऊन पडते. ड्रायर बसवला, तरी रोज सकाळी टाकी ड्रेन करूनच काम चालू. उन्हाळ्यात पत्र्याखाली पावडरची खोकी ठेवली तर आत गाठी होतात, म्हणून ऑफिसमधला एसी आमच्यासाठी कमी आणि पावडरसाठी जास्त. कूलर लावला होता आधी, पण तो ओल सोडतो, काढून टाकला.

गिऱ्हाइकांना दोनच विनंत्या. येण्याआधी टायर पॉलिश मारून गाडी चकाचक करून आणू नका, त्यातलं सिलिकॉन चाकावर राहिलं की रंगात खड्डे पडतात. आणि डायमंड कट चाक असेल, म्हणजे चेहऱ्यावर लेथची चमक असेल, तर पावडरखाली ती चमक जाते, परत आणायची तर लेथवरच चढवावं लागेल, म्हणून घरी बोलून मग या. चमकतं सिल्व्हर हवं असेल तर वरून क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक, थर घ्याच, पैसे वाचवायला तो टाळू नका, नुसतं मेटॅलिक लवकर काळवंडतं.

टायर, सेन्सर, बॅलन्सिंग धरून तीन दिवस लागतात, एका दिवसात मागू नका. १०० किलोमीटर झाले की नट तपासायला परत बोलावतो, फुकट. सिडकोतले एक सर गेल्या रविवारी आले होते, जुन्या गाडीची ब्राँझ केलेली चाकं, बरोबर नातू. भावाने टॉर्क रेंच (नट ठरल्याइतका घट्ट असला की खटका वाजवणारा पाना) लावला, चारही चाकांवर खटका लगेच वाजला, नातवाने प्रत्येक खटका मोठ्याने मोजला, बायकोने वहीत तारीख टाकली आणि गाडी त्र्यंबकला निघाली.