आमची वाटचाल : पंपाच्या शाफ्टपासून व्हॅक्यूम मॅनिफोल्डपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांनी लेथ टाकला तेव्हा पंपाचे शाफ्ट आणि हायड्रॉलिकची फिटिंग्ज, एवढंच काम होतं. आजही निम्मे पगार त्यावरच निघतात. दुसरं काम आणलं एका रसायनतज्ज्ञ मॅडमनी. विष तपासणाऱ्या त्यांच्या सरकारी लॅबमधला परदेशी व्हॅक्यूम मॅनिफोल्ड, म्हणजे नमुने गाळताना खालून हवा ओढणारं उपकरण, गळत होता, सुटे भाग मिळेनात. "बघा, तुमच्याकडं जमतंय का," म्हणाल्या.

विषाची तपासणी म्हटलं की सगळ्यांना जीसी-एमएसचं, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्राचं कौतुक. पण रक्त किंवा यकृताचा लगदा त्यात तसाच घालता येत नाही. प्रथिनं, चरबी आधी बाजूला काढावी लागते. व्हिसेरा, म्हणजे मृताचे काढून ठेवलेले अवयव, तर बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणातच येतो. बेल्जियममधल्या १८५०च्या एका खुनात स्टास या रसायनशास्त्रज्ञानं मृताच्या अवयवांतून निकोटीन वेगळं केलं, ते द्रावकं वापरून. आता सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन आलंय. कार्ट्रिज म्हणजे छोटी नळी, तिच्यातल्या भुकटीवर विष अडकतं, बाकीचं धुऊन जातं, शेवटी योग्य द्रावकानं विष उतरवून घ्यायचं. मॅनिफोल्ड एकाच वेळी बारा किंवा चोवीस कार्ट्रिजना खालून ओढ देतो. ती हळू हवी, मिनिटाला एक-दोन मिलिलिटर. जोरात ओढलं तर विषही निसटतं.

बारीक झडपा करायला आम्हाला काय अवघड? अडलं ते स्वच्छतेवर. मॅडमनी आमचा एक चकचकीत तयार नट मागून घेतला, हेक्झेनमध्ये बुडवला आणि ते हेक्झेन यंत्रात सोडलं. आलेखावर कटिंग ऑइलच्या हायड्रोकार्बनची रांगच्या रांग! पीव्हीसी नळी वापराल तर तिच्यातून थॅलेट, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं, उतरतात, हेही तिथंच कळलं.

मग ३१६ स्टेनलेस, टेफ्लॉनच्या सीट, अल्ट्रासॉनिक बाथ, मेथनॉल आणि हेक्झेनची धुणी. आमचा फिटर कन्नडमध्ये वैतागायचा, पण माझ्यापेक्षा मॅडमचा धाक मोठा. आता प्रत्येक नगासोबत कोऱ्या चाचणीचा, म्हणजे नमुना न घालता घेतलेल्या चाचणीचा आलेख जातो.

पुढं नायट्रोजन इव्हॅपोरेटरही केला. कोमट पाण्यात नळ्या, वरून सुयांमधून नायट्रोजनची मंद फुंकर, अर्क सुकतो. अ‍ॅम्फेटामाइन त्या फुंकरीबरोबर उडून जाऊ शकतं, म्हणून आधी आम्लाचा थेंब घालतात. सुया त्या आम्लालाही टिकायला लागतात.

सरकारी बिलं उशिरा येतात, त्यामुळं गोव्याकडच्या औषध कंपन्यांच्या लॅबही धरल्यात. मॅनिफोल्डची काचेची टाकी मात्र अजून बाहेरूनच घेतो.